दसऱ्याच्या आदल्या दिवशी

शंतनु लंडनला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग करून आला आणि तेव्हापासून त्याला साधं पाणी चालेनासं झालं. त्याला ‘स्टिल वॉटर’, म्हणजे बिनबुडबुड्यांचं पाणी, लागायचं. पँट्रीतला माणूस नळाचंच पाणी उकळून, गार करून, उंच ग्लासात भरून आणून द्यायचा आणि शंतनु ते घोट घोट पीत म्हणायचा, “हां, धिस इज बेटर.” हेमलता समोरच्या टेबलावरून हे बघायची आणि मनात म्हणायची, पी बाबा, कावेरीच आहे ती.

बँक ब्रिटिश होती. बेंगळुरातल्या एम. जी. रोडवर, काचेच्या दारांची, आत शिरताना अंगावर शहारा येईल इतकी थंडगार. दोघांकडे एकच विभाग होता: क्रेडिट कार्डं आणि प्रीमियम चालू खाती. ज्याच्या चालू खात्यात बँकेला बरं वाटेल एवढी रक्कम कायम पडून असते, तो प्रीमियम. त्याने रांगेत उभं राहायचं नाही. त्याला आतली खोली, चामड्याचा सोफा, चिनी मातीच्या कपातली कॉफी, सोनेरी काठाचं चेकबुक आणि सोनेरी क्रेडिट कार्ड. शिवाय केव्हाही फोन केला तरी ‘सर’ म्हणणारी एक हेमलता.

अकरा वर्षं ती हे काम करत होती आणि श्रीमंत माणसांविषयी तिच्या मनात जो काही आदर एके काळी होता, तो केव्हाच आटला होता. इंदिरानगरचे एक गृहस्थ मलमलीचा शर्ट घालायचे, का, तर खिशातलं सोनेरी कार्ड बाहेरून दिसावं. दुसऱ्या एकाने सोफ्याच्या खोलीतली बिस्किटं बदलली म्हणून थेट मुंबई ऑफिसला पत्र लिहिलं होतं. तिसऱ्याने कार्ड आणि पिन दोन्ही ड्रायव्हरच्या हवाली केलं आणि ड्रायव्हरने गावाकडे दोन म्हशी घेतल्या, तेव्हा हा महापुरुष बँकेला कोर्टात खेचायला निघाला. हेमलताने सगळ्यांना सांभाळलं. कुणाची मर्यादा वाढवून दिली, कुणाचं हरवलेलं कार्ड रात्रीतून बंद केलं, कुणाच्या बायकोला नवऱ्याच्या कार्डावर काय खरेदी झाली ते कळणार नाही याची काळजी घेतली. ती हे सगळं उत्तम करायची, आणि करताना एकालाही मनात माणूस म्हणून जमेस धरायची नाही.

पण या सगळ्यांपेक्षा तिचा जास्त राग होता तो शंतनुवर. तो पुण्याहून आला त्या पहिल्याच दिवशी हेमलता त्याच्याशी मराठीत बोलली. तिच्या घराण्याला बेंगळुरात तीनशे वर्षं झालेली. पूर्वज घोड्यावरून आले, पुढच्या पिढ्या शिलाईमशीनवर बसल्या, आणि भाषेत कन्नड मुरत गेलं. शंतनुने तिचं बोलणं ऐकलं, हसला आणि म्हणाला, “तुमचं मराठी किती क्यूट आहे हो.” क्यूट! बाळाच्या टोपड्याला म्हणतात तसं. ते वाक्य तिने विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आता दोघांत एक खुर्ची आली होती. दक्षिणेतल्या सगळ्या शाखांच्या प्रीमियम विभागाचा एक प्रमुख नेमायचा होता. त्याची काचेची खोली तयार झाली होती, दारावर नावाची पट्टी तेवढी लागायची बाकी होती. लंडनहून मोठे साहेब येणार, दोन दिवस राहणार आणि जाताना नाव सांगणार. नावं दोनच होती. हेमलताला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पगारासाठी नव्हे. या क्यूट मराठीवालीच्या सहीशिवाय शंतनुची रजासुद्धा मंजूर होऊ नये, एवढंच तिचं स्वप्न होतं.

साहेबांवर छाप पाडण्यासाठी शंतनुने एक बेत आखला. सगळ्यांना बोलावून, पांढऱ्या फळ्यावर बाण-बिण काढून त्याने तो सांगितला. साहेबांना बाजारात न्यायचं. जुन्या पेठेतल्या दुकानात आपली एक प्रीमियम ग्राहक सोनेरी कार्डावर रेशमी साडी घेणार. कार्डावर पावती ठेवून दांडा खर्रकन ओढायचं ते मशीन दुकानदार साहेबांसमोर चालवणार. फोटोग्राफर फोटो काढणार. “जुनं बेंगळुरू आपल्या कार्डाने खरेदी करतंय, हे साहेबांनी डोळ्यांनी बघायला पाहिजे,” तो म्हणाला. मग त्याने दिवस सांगितला. “दसऱ्याला नको. दसऱ्याला दुकानात पूजा असते, कोणाचा हात मोकळा नसतो. आपण आदल्या दिवशी जाऊ. बँकेला सुट्टी आहे, बाजारात गर्दी असणार.”

तिथे बसलेल्यांपैकी पुण्याचा तो एकटाच होता. पुण्यात दसऱ्याला वाहनांना झेंडू घालतात, म्हणून जगात सगळीकडे दसऱ्यालाच घालत असणार. इथे आयुधपूजा असते ती आदल्या दिवशी, नवमीला. ज्या अवजारावर माणसाचं पोट चालतं ते त्या दिवशी धुऊन, कुंकू लावून देवापुढे मांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. न्हाव्याचा वस्तरा, सुताराची करवत, रिक्षावाल्याची रिक्षा, सगळं त्या दिवशी आराम करतं. बँकेला सुट्टी कशाची, हा प्रश्नसुद्धा या गड्याला पडला नव्हता. सुट्ट्यांच्या यादीत ‘आयुधपूजा’ वाचून त्याने ते पोलिसांचं-बिलिसांचं काहीतरी असणार असं ठरवून टाकलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथे तर पाणीही लंडनचं.

मीटिंग संपल्यावर कृष्णमूर्ती हेमलताच्या टेबलाशी आला. हा कार्डविभागातला जुना कारकून, पापभीरू माणूस. हळूच म्हणाला, “मॅडम, त्यांना हेळबेका? कोणीतरी सांगायला पाहिजे ना.”

“बिडि, कृष्णमूर्ती,” हेमलता म्हणाली. “जाऊ द्या. त्यांनी विचारलं का कोणाला?”

“नाही विचारलं.”

“मग. शहाण्याला शब्दाचा मार, आणि हे तर शहाण्यांचे शहाणे.”

कृष्णमूर्ती मान हलवत निघून गेला. हेमलताने दुपारी डबा खाल्ला तो नेहमीपेक्षा चवीने.

दुकान निवडायचं कामही शंतनुने तिच्याच गळ्यात घातलं. तिने चिकपेटेतल्या नागनाथअण्णांचं दुकान निवडलं. अण्णा तिच्या आईचे लांबचे भाऊ, त्याच जुन्या मराठी वस्तीतले, तीन पिढ्यांचा साड्यांचा व्यापार. कार्डाचं मशीन त्या गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच घेतलं होतं, तेही हेमलताच्या शब्दावर. प्लास्टिकच्या तुकड्यावर माल द्यायचा ही कल्पना त्यांच्या पचनी पडायला दोन वर्षं लागली होती. आता ते मशीन गल्ल्याशेजारी असायचं आणि त्याच्यावर रोज फडकं फिरायचं.

हेमलताने त्यांना फोन केला. “अण्णा, लंडनचे मोठे साहेब नवमीला तुमच्याकडे येणार. दुकान उघडं ठेवाल ना?”

“पूजेला?” अण्णांचा आवाजच उजळला. “साहेब आपल्या पूजेला येणार? येऊ दे की. सरी, सरी. मी सगळ्यांना सांगतो.”

इथे तिने दुरुस्त करायला हवं होतं. ते पूजेला येत नाहीत अण्णा, साडी घ्यायला येतायत, मशीन चालवायला लावणार आहेत. हे एक वाक्य. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा. पण अण्णांना सांगितलं तर अण्णा लगेच बँकेत फोन करणार, शंतनु सावध होणार, दिवस बदलणार आणि साहेबांपुढे साडी छान विकली जाणार. तिने वाक्य गिळलं आणि म्हणाली, “हो, येतायत.”

नवमीला सकाळी तिने घरी आपल्या कायनेटिकला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि स्वतः रिक्षा शोधत पायी निघाली. रिक्षा मिळेनात, हे ओघाने आलंच. शेवटी ज्याच्या रिक्षाची पूजा अजून व्हायची होती असा एक रिक्षावाला भेटला आणि दुप्पट पैसे घेऊन त्याने तिला चिकपेटेत सोडलं. एवढ्या उकाड्यातही तिला हुरूप आला होता. लग्नाला निघाल्यासारखी ती दुकानात शिरली.

अण्णांनी दुकानाचं देऊळ केलं होतं. दाराला केळीचे खांब, वर आंब्याचं तोरण. गाद्यांवरच्या साड्या एका बाजूला सारून मधोमध पाट मांडला होता आणि पाटावर कापड मोजायचा गज, कात्री, वजनाचा तराजू, गल्ल्याची पेटी, वह्या, आणि सगळ्यांच्या मधोमध बँकेचं मशीन. त्याला पाच बोटांनी कुंकू लावलेलं. दांड्याला शेवंतीची माळ. नातेवाईक नवी कापडं घालून बसले होते आणि समोर साहेबांसाठी मखमली खुर्ची, तिच्यावर हार. अण्णा धोतर नेसून, कपाळाला गंध लावून दारात उभे होते. “पूजा झाली बघ आत्ताच,” ते हेमलताला म्हणाले. “साहेबांच्या हातानं मंगळारती करू. सगळ्यांत मानाची जागा तुझ्या मशीनला दिली.”

तिला आत कुठेतरी बोचलं. पण बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि तिने ते बोचणं बाजूला सारलं.

आधी शंतनु उतरला, मग उंच, गुलाबी, घामाघूम झालेले साहेब, मग फोटोग्राफर, आणि मागून स्मृती नावाच्या बाई, ज्यांचा नवरा सॉफ्टवेअरचा धंदा करायचा आणि ज्या आज साडी घेणार होत्या. हार घालून घेताना साहेबांनी मान वाकवली. शंतनुचं लक्ष हाराकडे नव्हतंच. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “नागनाथजी, मॅडमना साड्या दाखवा. मग कार्ड घेऊ आणि पटकन मशीन चालवू.”

अण्णा हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. “आज नाही चालत साहेब. पूजेत आहे ते. उद्या या, पहिली पावती तुमचीच फाडतो.”

“उद्या साहेब नाहीयेत. दोन मिनिटांचं काम आहे.”

“आज नाही,” अण्णा म्हणाले. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

शंतनुच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हेमलताने त्या डोळे भरून पाहिल्या. अकरा वर्षांत बँकेने तिला एवढा बोनस कधी दिला नव्हता. त्याने आणखी एकदा विनवलं, मग आवाज चढवला, आणि मग स्वतःच पाटाकडे वाकून मशीनच्या दांड्यावरची माळ काढायला हात पुढे केला. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. जोराने नाही, पण धरलं. नातेवाईकांत बायका होत्या, त्यांच्यातली एक “अय्यो” म्हणून उठून उभी राहिली.

“हे बघा,” शंतनु दात आवळून मराठीत म्हणाला, “मशीन बँकेचं आहे. तुमचं नाही. आम्ही हवं तेव्हा उचलून नेऊ शकतो.”

अण्णांनी त्याचं मनगट सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

साहेबांना शब्द कळले नाहीत, पण भांडण कुणालाही कळतं. त्यांनी शंतनुकडे बघितलं, तो शर्टाची बाही सारखी करत होता. मग ते हेमलताकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, हे काय चाललंय, हे मशीन इथे का ठेवलंय?

आता तिने गप्प राहायला हवं होतं. ‘शंतनु सांगेल, बेत त्याचा आहे,’ एवढं म्हटलं असतं तरी त्याचं काम तमाम झालं असतं. पण जाणत्या माणसाला एक खोड असते, कुणी विचारलं की त्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय अण्णांचा उतरलेला चेहरा समोर होता. हेमलताने सांगितलं. माणूस ज्याच्यावर जगतो त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती द्यायची, त्याचे उपकार मानायचे. हा गज यांच्या आजोबांचा आहे, ही कात्री वडिलांची, आणि त्यांच्या रांगेत यांनी यंदा आपलं मशीन बसवलं आहे. इंग्रजी तिचं चोख होतं, आणि ती बोललीही छान.

साहेबांचे डोळे चमकायला लागले. ते पाटापुढे चक्क मांडी घालून बसले. लंडनहून आलेला माणूस कशाने विरघळेल याचा नेम नाही. “यांनी आपलं मशीन देवापुढे ठेवलंय,” ते दोनदा म्हणाले. फोटोग्राफर फटाफट फोटो काढू लागला. मग साहेबांनी वर बघितलं आणि शंतनुला विचारलं, “तू मुद्दाम हा दिवस निवडलास?”

शंतनुने पापणीही लववली नाही. “येस सर. विक्री काय, कुठल्याही दिवशी दाखवता येते. मला तुम्हाला हे दाखवायचं होतं.”

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं पुष्कळांनी केलं असेल, पण इतक्या सफाईने नाही. हेमलता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बोलणार काय? याला दिवसच माहीत नव्हता म्हणावं, तर तुला होता का, हा पुढचा प्रश्न. होता, तर सांगितला का नाहीस? तिने जो खड्डा खणला होता त्याला दोन्हीकडून कडा होत्या, आणि ती नेमकी आत उभी होती.

साहेबांनी मंगळारती केली, फोटो निघाला. अण्णांनी सगळ्यांना प्रसाद दिला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाण्याआधी साहेबांनी नाव सांगितलं. प्रीमियम विभागाला असाच माणूस हवा, म्हणाले, ज्याला ग्राहकाच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचता येतं. हेमलताचा हात हातात घेऊन त्यांनी तिचंही कौतुक केलं. भाषांतर फार सुंदर करता, असं म्हणाले. भाषांतर! नावाची पट्टी त्याच आठवड्यात लागली. शंतनुने तिला काचेच्या खोलीत बोलावलं, उंच ग्लासातलं पाणी प्याला आणि म्हणाला, “हेमलता, तुम्ही एक कॅलेंडर करून द्या ना मला. इथे कुठल्या दिवशी काय चालतं, काय नाही. तुम्हाला बरं माहीत असतं हे सगळं.” त्याच्या आवाजात खोच नव्हती. त्याला खरंच कॅलेंडर हवं होतं. तिने त्याच्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिलं, पण त्या नजरेत आता दम नव्हता, आणि हे तिचं तिला कळलं.

शनिवारी दुपारी ती चिकपेटेत गेली. दुकानात गिऱ्हाइकं होती. अण्णांनी तिला बसायला सांगितलं, कॉफी मागवली, तिच्या आईची चौकशी केली. मग गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाले, “हेमा, एक विचारतो. ते साडी घ्यायला येणार, मशीन चालवायला सांगणार, हे तुला आधी ठाऊक होतं?”

खोटं बोलायची सोय होती. पण या माणसाशी खोटं बोलणं तिला जमेना. “होतं अण्णा.”

“मग मला का नाही बोललीस? मी सकाळी लवकर साडी विकली असती. पावती फाडली असती, मग पूजा मांडली असती. स्वल्प मागं-पुढं. त्यात काय जातंय?”

ही साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. तिने ती सुचू दिली नव्हती.

“माझ्या दुकानातून आजवर कोणाला नाही म्हटलं नव्हतं,” अण्णा म्हणाले. “ते सणाच्या दिवशी म्हणायला लागलं, घरच्या बायकांसमोर, पाहुण्याला. त्या पोराचं काय घेऊन बसलीस, त्याला कळत नाही. तुला कळत होतं.”

अण्णांच्या बोलण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्याकडे बघत होते ते तसं, जसं ती अकरा वर्षं सोफ्यावरच्या माणसांकडे बघत आली होती, मनातून किंमत काढून टाकून. हे समोरून कसं लागतं याची तिला कल्पना नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा उठले, गल्ल्याशेजारचं मशीन उचलून त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात नीट बांधलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. “हे घेऊन जा. बँकेचं आहे म्हणे.”

“अण्णा, राहू द्या ना. मी सांगते त्यांना.”

“बेडा, नको. आमचं रोखीनं चालतंय.”

तेवढ्यात दारात एक म्हातारी आणि तिची सून आली, नातीच्या बारशाला जरीची साडी बघायला. अण्णांनी त्यांना बसा म्हटलं आणि गादीवर साड्या उलगडायला घेतल्या. हेमलता गाठोडं कडेवर घेऊन बाहेर पडली आणि रिक्षाला हात केला.